हमीदाचाची आणि नऊ सायकली

एस.टी.त कंडक्टर म्हणून माझी उभी नोकरी गेली. त्यातली सात वर्षं भोर-वेल्हे मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी भोरहून निघायचं, नसरापूरवरून वेल्ह्याला पोचायचं, तिथंच पथारी टाकायची आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत फिरायचं. सात वर्षांत किती माणसं चढली, किती उतरली, कोण लक्षात ठेवतो? पण एक बाई माझ्या डोक्यात पक्की बसली आहे, आणि त्यांनी माझ्या गाडीतून प्रवास केला असेल तो फार तर आठ-दहा वेळा.

नसरापूर सोडून वेल्ह्याकडे निघालं की मध्ये एक फाटा लागतो. रस्त्याकडेला करंजाचं जुनं झाड, त्याच्या मागं एकच घर, आणि घराच्या बाजूनं डोंगराकडे चढत जाणारा कच्चा रस्ता. हा रस्ता दोन कोसांवरच्या वरच्या वाडीला जातो. फाट्याला सगळे करंजफाटा म्हणत. हात केला तर गाडी थांबायची, नाही तर सरळ पुढं.

त्या गाडीवर माझी ड्युटी लागली त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या सकाळची गोष्ट. फाट्यावर रस्त्याच्या अगदी मधोमध एक उंच, काटक बाई हात वर करून उभ्या. डोक्यावरून हिरव्या लुगड्याचा पदर घट्ट ओढलेला. आमचे ड्रायव्हर तात्या यांनी कचकन ब्रेक दाबला. मी दार उघडलं आणि विचारलं, "कुठं जायचं?"

"मला न्हाई जायाचं. एक पोरगी उतारावर हाय. ती येईस्तवर थांबा."

तात्यांचं डोकं आधीच गरम असायचं. ते खिडकीतून ओरडले, "बाई, ही सरकारी गाडी हाय. तुमच्या घरची बैलगाडी न्हाई."

"सरकारी हाय म्हणून तर थांबवली," बाई शांतपणे म्हणाल्या. "घरची असती तर मीच हाकून न्हेली असती."

गाडीतली माणसं हसली. तात्याही हसले, आणि तात्या हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तेवढ्यात उतारावरून धूळ उडवत एक शाळकरी पोरगी सायकलवर आली. बाईंनी धावत जाऊन हँडल धरलं, पोरगी दप्तर सावरत गाडीत शिरली, आणि बाई मला म्हणाल्या, "जावा आता."

या हमीदाचाची. पंचक्रोशीतली लहान-मोठी सगळी माणसं त्यांना चाचीच म्हणत.

त्यांचे मालक बशीरचाचा रस्त्याच्या खात्यात मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचा ठरवून दिलेला तुकडा सांभाळणारा माणूस. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी ठेवायची, पावसाळ्यात पडलेली झाडं ओढून बाजूला करायची. मूळचं कुटुंब भोर शहरातलं. पण चाचांच्या वाट्याचा रस्ता इकडं, म्हणून त्यांनी फाट्यावर घर बांधलं. मी पाहिलं तेव्हा चाचा निवृत्त झाले होते आणि गुडघ्यांनी त्यांना बाजेवर बसवलं होतं. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. चाचींनी आपला सगळा जीव घरामागच्या बागेत ओतला होता. दोडक्याचा मांडव, शेवगा, अबोली, आणि सगळ्यात लाडका म्हणजे मोगऱ्याचा ताटवा. मोसमात सकाळी ओल्या फडक्यात बांधलेली कळ्यांची पुरचुंडी त्या माझ्याकडे द्यायच्या. भोरच्या स्टँडवर फुलवाली ती उतरवून घ्यायची. तेवढा वेळ आमची गाडी डिझेलचा वास विसरायची.

चाचींना एक सवय होती. कुठलीही वस्तू समोर आली की त्या बोटाचं पेर वाकवून ती वाजवून बघत. फणस, घागर, दार, काहीही. "वाजवल्याबिगर कळत न्हाई," म्हणायच्या. एकदा गाडीच्या पत्र्यावर टकटक करून मला म्हणाल्या, "मास्तर, तुमची गाडी लई पोकळ झालीया. डेपोत सांगा." आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. शाळेत मी जेमतेम दहावी झालो, पण चाचींच्या तोंडून मास्तर ऐकलं की उगाच ताठ व्हायचो.

त्या स्वतः तिसरीपर्यंत शिकलेल्या. सायकल त्यांना येत नव्हती. शाळेबद्दल त्यांनी कधी मोठं भाषण केलं नाही. उतारावर पोरगी दिसली की गाडी थांबवायची, एवढंच.

वाडीतल्या पोरींच्या शाळेची अडचण साधी होती. चौथीपर्यंत वाडीत शाळा. पुढं नसरापूरचं हायस्कूल. पण दोन कोस चालून फाट्यावर यायचं आणि मग गाडी धरायची म्हणजे पहाटेच निघावं लागे. सुरेखा नावाच्या मुलीच्या वडिलांनी, ज्ञानोबांनी, तिला एक जुनी सायकल घेऊन दिली. ती सायकल पोरगी करंजाला टेकवून गाडीत बसायची. शेळ्यांनी तिच्या सीटचं कव्हर खाल्लं. ते बघून चाची म्हणाल्या, "माज्या मागल्या अंगणात लाव." मग सुरेखाचं बघून दुसरी आली, तिसरी आली. दोन वर्षांत नऊ पोरी आणि नऊ सायकली झाल्या. चाचींनी मोबदला म्हणून काही घेतलं नाही. फक्त एक नियम घातला: संध्याकाळी सायकल काढताना प्रत्येकीनं एका झाडाला एक कळशी पाणी घालायचं. बाग दुप्पट झाली.

सायकलींना त्या पोरींच्याच नावानं हाका मारत. "शोभाची हवा गेलीया," असं न म्हणता "शोभा बसलीया" म्हणायच्या. संध्याकाळी आमची गाडी यायच्या आधी एकेका सीटवर हात ठेवून मोजून घ्यायच्या.

सहामाही परीक्षेच्या दिवसांत चोरी झाली. त्या दिवशी चाची भोरला थोरल्या मुलीच्या बाळाला बघायला गेल्या होत्या आणि संध्याकाळी माझ्याच गाडीनं परतत होत्या. मागच्या सीटांवर पोरींचा चिवचिवाट. फाट्यावर सगळ्या एकदम उतरल्या. मी दार लावणार, एवढ्यात मागल्या अंगणातला चिवचिवाट एकदम थांबला, म्हणून मी उतरून बघायला गेलो. आठ पोरी सायकली धरून उभ्या होत्या आणि सुरेखा रिकाम्या जागेकडे बघत होती. कुंपणाच्या काट्या एका ठिकाणी बाजूला सारलेल्या होत्या.

बशीरचाचा बाजेवरून उठायची धडपड करत म्हणाले, "माजा जरा डोळा लागला हुता."

"तुमचा न्हाई," चाची म्हणाल्या. "माजा लागला. म्या हितं न्हवते."

मग त्यांनी एक काम केलं. ओसरीतून चाचांची खात्यातली उंच, काळी, दांडीची सायकल बाहेर काढली, ती हातानं ढकलत सुरेखाबरोबर चालत वाडीची वाट धरली. गाडीतून आम्ही दोघींच्या पाठी बघत राहिलो.

वर काय झालं ते मला पुढं सुरेखानं सांगितलं. ज्ञानोबा चोरीवर रागावले नाहीत. ते म्हणाले, "सायकल गेली त्याचं काय न्हाई. पण आज सायकल गेली, उद्या पोरीलाच काय झालं तर? साळा बास झाली." बाकीचे बापही जमले होते. त्यांच्या माना हलल्या.

चाची उभ्यानंच बोलल्या. "ज्ञानोबा, चोरी माज्या दारात झाली. चूक माजी. मग शिक्षा हिला कशापायी?"

शेवटी एक म्हातारा म्हणाला, "पक्की सोय होत असंल तर होळीपत्तूर बघू. पण फुडं एक जरी गेली तर नऊच्या नऊ पोरी घरी."

दुसऱ्या दिवशी सुरेखा चाचांच्या सायकलवर आली. सीटवर बसली तर पाय पोचेनात, म्हणून दांडीखालून पाय घालून ती तिरकी तिरकी चालवत होती. पण गाडी चुकली नाही.

त्यानंतरचे काही महिने चाचींच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सायकलींना बंद खोली हवी. कसली, कुठली, किती मोठी? गाडी थांबली की त्या चढणाऱ्या-उतरणाऱ्याला विचारत. कमरेला एक सुतळी खोचलेली असे, तिला वीत-वीतभर अंतरावर गाठी. ते त्यांचं माप. त्या सुतळीनं त्यांनी प्रत्येक सायकलची लांबी, उंची आणि हँडलची रुंदी मोजून ठेवली होती. अंगणात काटक्या मांडून त्यांनी शोधून काढलं होतं की पाच सायकली एका तोंडानं आणि चार उलट्या तोंडानं लावल्या तर हँडलं एकमेकांत अडकत नाहीत आणि निम्मी जागा वाचते.

कोणीतरी सांगितलं, पानशेतला धरणाकडेच्या एका बंगल्याचे मालक बागेतली लाकडी खोली काढून टाकणार आहेत. अवजारं ठेवायला पुण्याहून आणलेली, रंगवलेली, कौलासारख्या छपराची. चाची जीपनं पाबे घाट ओलांडून बघून आल्या. संध्याकाळी मी विचारलं, "कशी आहे?"

"चित्रावाणी हाय," त्या म्हणाल्या. "पण खाली वाजवून बघितलं तर पापडावाणी. वाळवीनं खाल्लीया. आन् खिडकी हाय. खिडकी कशाला? सायकली काय बाहीर बघत बसणार हायत? चोरालाच आतलं दिसायचं."

मग एकानं कोंबड्यांची जुनी शेड दाखवली. तिला तिन्ही बाजूंनी जाळी. "जिनस दिसला की हाताला खाज सुटती," म्हणून चाचींनी तीही मोडीत काढली. नुसत्या पत्र्याची शेड उभारून द्यायला एक जण तयार होता. त्या म्हणाल्या, "वैशाखातलं वारं बघितलंया का तुमी हितलं? पत्रं शोधाया वेल्ह्याला जावं लागंल."

शेवटी वरवे बुद्रुकला, हायवेजवळ, एका ठेकेदाराची लोखंडी केबिन असल्याची बातमी आली. काम संपलं होतं. सिमेंटची पोती ठेवायची ती जाड पत्र्याची केबिन आता तिथं नुसती पडून होती. चाची बघायला निघाल्या त्या सकाळी त्यांच्याबरोबर चाचांची उंच सायकल होती.

"मास्तर, हिला टपावर टाका आन् लगेज फाडा."

तात्या हसायला लागले. "चाची, सायकल हाय तर चालवत जा की!"

"मला येत न्हाई."

"मग न्हेता कशाला?"

"लोक जावई बघाया जाताना पोरीला घरी ठिवत्यात, म्हणून फसत्यात. म्या पोरगीच संगं घेतलीया."

नसरापूरला आम्ही सायकल उतरवून दिली. तिथून वरव्यापर्यंत ती हातात धरून त्या चालत गेल्या. केबिनच्या दारातून सायकल आत घालून, वळवून, बाहेर काढून बघितली. चारी बाजूंनी पत्रा वाजवला. मग तिथल्या सुपरवायझरला म्हणाल्या, "म्या आत जाते, तुमी बाहीरनं दार लावा." भर दुपारी त्या आत अंधारात उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "तीन तारं दिसलं." म्हणजे छताला तीन भोकं होती. ती डांबरानं बुजणार होती. त्यांना केबिन पसंत पडली. भंगाराच्या भावात वाडीतल्या नऊ बापांनी मिळून ती घेतली, आणि त्यांनीच ती खांद्यांवर उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. बापांचे खांदे लागले पाहिजेत, हे चाचींनी आधीच ठरवलेलं होतं.

ठेवायची कुठं यावर बराच वाद झाला. सगळे म्हणत होते, रस्त्यालगत ठेवा, पोरींना सोयीचं पडेल. चाचींनी ऐकलं नाही. "रस्त्यावरनं दिसाया नको आन् माज्या चुलीपासनं सारखी दिसाया पायजे," त्या म्हणाल्या. अशी एकच जागा होती. मोगऱ्याचा ताटवा.

रविवारी सकाळी पोरी आल्या तेव्हा ताटव्याची जागा खणून सपाट झालेली होती. चाचींनी कोणाची मदत घेतली नव्हती. शोभा रडायला लागली. चाची हात धुता धुता म्हणाल्या, "रडतीस काय? पाच रोपं कुंपणाला लावलीत. जगायची आसतील तर जगतील." त्या वर्षी आमच्या गाडीला मोगऱ्याचा वास आला नाही.

बशीरचाचांना रस्त्याच्या कामात काँक्रीट चांगलं ठाऊक. बाजेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि ज्ञानोबांनी, इतरांनी ते केलं. खाली फरशी टाकली, चारी कोपऱ्यांना जमिनीत लोखंडी अँगल गाडून केबिन त्यांना जखडली. दाराला हाताच्या पंजाएवढं कुलूप आलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

चाचींनी मात्र उत्रोलीच्या नामदेवला बोलावणं धाडलं.

नामदेव भोरच्या बाजारात कुलपं दुरुस्त करायचा. चांगला माणूस. पण तरुणपणी त्याची बोटं दुसऱ्या कामात होती आणि त्यापायी तो आत जाऊन आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या रविवारी माझी सुट्टी होती, म्हणून मी मुद्दाम गेलो. वाडी निम्मी उतरून आली होती. चाचींनी नामदेवला चहा दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नामदेव, उघडून दाव. काय पायजे ते कर."

नामदेव ओशाळला. मान खाली घालून म्हणाला, "चाची, म्या ते कवाच सोडलं."

"म्हणून तर तुला बोलावलं. सोडलेला माणूस खरं सांगतो. कुलूप भल्या माणसासाठी असतं, ते मलाबी कळतं. चोर काय करतो ते तू सांग."

नामदेव उठला. कुलपाकडे त्यानं बघितलंही नाही. तो दाराच्या दुसऱ्या बाजूला गेला, पिशवीतून पाना काढला आणि बिजागरीचे बोल्ट फिरवायला लागला. चहाची कपबशी विसळून होईपर्यंत अख्खं दार, कुलपासकट, त्यानं उचलून भिंतीला टेकवलं.

पोरींचे चेहरे पडले. ज्ञानोबा पुटपुटले, "झालं! गेली समदी मेहनत."

चाचींनी मात्र टाळी वाजवली. "शाब्बास रे! आता हे कसं बंद करायचं ते सांग."

त्या दिवशी नामदेवनं जे शिकवलं ते मी आजही कोणी विचारलं तर सांगतो. बोल्टांची डोकी वेल्डिंगनं पक्की करा. कुलपावर लोखंडी टोपी बसवा, म्हणजे पहार आत शिरणार नाही. आत फरशीत एक जाड पाईप गाडा आणि त्यातून साखळी ओवून सगळ्या सायकली बांधा, म्हणजे दार उघडलं तरी चोराच्या हाताला एकटी सायकल लागायची नाही. वारा खेळायला छताखाली झरोके ठेवा, पण हात जाईल एवढे नको. सांगताना तो माणूस हळूहळू सरळ उभा राहत गेला. वाडीचे नऊ बाप त्याच्याभोवती उभे राहून मन लावून ऐकत होते. त्याच्या आयुष्यात त्या विद्येला असा मान कधी मिळाला नसेल.

आठ दिवसांनी दुसरी परीक्षा. नामदेव सकाळी लागला. पाना, पहार, कानस, सगळं झालं. ऊन डोक्यावर आलं. सदरा घामानं भिजला. शेवटी तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "चाची, आता किल्लीच पायजे."

चाचींनी ज्ञानोबांकडे बघितलं. ज्ञानोबांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "आता पोरींची साळा बंद न्हाई." होळीला अजून चार दिवस होते.

नामदेवला त्या दिवशी चाचींनी स्वतः वाढून जेवू घातलं. पहिली किल्ली त्यांच्या कमरेला राहिली. दुसरी दहावीतल्या सगळ्यात मोठ्या पोरीकडे द्यायची, तिनं शाळा सोडताना पुढच्या पोरीच्या हातात ठेवायची, असं ठरलं.

पुढच्या पावसाळ्यात चोरांनी एकदा खरोखर हात मारून बघितला. चाची-चाचा दोघं ईदला भोरला गेले होते. परत आले तर दारावर पहारीचे ओरखडे, कुलपाच्या टोपीला पोचा. आत नऊच्या नऊ सायकली जागेवर. पुढं केबिनला दर वर्षी रंग द्यायची पद्धत पडली. चाचींनी ते ओरखडे काही कधी रंगवू दिले नाहीत. कोणी नवीन माणूस आला की त्याला आधी तिथं नेऊन दाखवायच्या. एखादा पैलवान गदा दाखवतो तसं.

पण चोर म्हणजे फक्त बाहेरचाच असतो असं नाही, हे मला त्यानंतरच्या वर्षी कळलं.

सुरेखा तेव्हा दहावीत होती. ज्ञानोबांनी तिला मध्यंतरी भोरहून एक जुनी लेडीज सायकल आणून दिली होती. एके दिवशी संध्याकाळी आमची गाडी फाट्यावर आली, तर ज्ञानोबा करंजाखाली दगडावर बसलेले, तोंड फिरवून. आणि चाची खोलीच्या वाटेवर उभ्या, कमरेवर हात, हातात किल्ली. दोघांत काहीतरी बिनसलं आहे हे लांबूनच दिसत होतं.

झालं होतं ते असं. मुलीला स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांना घाई होती. ज्ञानोबा दुपारीच सायकल न्यायला आले होते. म्हणाले, उद्यापासून ती शाळेत जाणार नाही, सायकल पुतण्याला देऊन टाकतो.

चाची म्हणाल्या, "जिनं ठिवली तिच्याच हातात देणार."

"पर सायकल माजी हाय! म्या आणली."

"आणली तुमी. ठिवली तिनं."

"आन् ही खोली? हीबी म्या खांद्यावर उचललीया, चाची!"

"म्हणून तर तुमाला ठावं पायजे, ती कशापायी आणली."

त्यावर ज्ञानोबा चिडून दगडावर जाऊन बसले. चाचींनी त्यांना पाणी नेऊन दिलं, चहा नेऊन दिला. ज्ञानोबांनी चहाही घेतला. पण किल्ली मिळाली नाही. दुपारपासून आमच्या गाडीपर्यंत दोघं तसेच.

सुरेखा गाडीतून उतरली आणि थबकली. "अप्पा? तुमी हितं?"

तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. घरात कोणाचं काही बरं-वाईट झालं की काय, म्हणून ती घाबरली असावी. ज्ञानोबांनी एकदा चाचींकडे बघितलं, एकदा पोरीकडे. बाकीच्या पोरीही खाली उतरून उभ्या होत्या. तात्यांनी गाडी सुरू ठेवली होती, पण गिअर टाकला नाही, आणि मीही बेल मारली नाही.

ज्ञानोबा उठले. धोतर झटकलं. म्हणाले, "काय न्हाई. आलो हुतो इकडं. म्हटलं, तुला घिऊनच जावं."

चाचींनी खोली उघडली. सुरेखानं सायकल बाहेर आणली आणि म्हणाली, "बसा मागं." ज्ञानोबा लाजत लाजत कॅरिअरवर बसले. पोरीनं पायडल मारलं. बापाच्या वहाणा जमिनीला घासत होत्या. पहिला चढ लागला तसे ते उतरले, आणि एक हात कॅरिअरवर ठेवून मागून ढकलायला लागले. वळणाआड जाईपर्यंत ते ढकलतच होते.

तात्यांनी डोळे पुसले आणि धुळीला शिवी घातली. मी डबल बेल दिली.

त्या स्थळाचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. सुरेखा दहावी झाली, भोरला बारावी झाली, आणि आज पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पहिल्या नऊ पोरींपैकी एकही दहावीच्या आधी घरी बसली नाही. पुढं सायकली वाढून सत्तावीस झाल्या. चाचींनी छताला आकडे लावून निम्म्या सायकली टांगायची युक्ती काढली. दुसऱ्या एका हायस्कूलच्या हेडमास्तरांनी तर त्यांना बोलावून नेलं होतं, आपल्या शाळेतली सायकलींची जागा बघायला. चाचींनी तिथं कुलपावर पाच मिनिटं आणि बिजागरीवर अर्धा तास घालवला म्हणे.

दोन हजार साल उलटल्यावर वाडीचा रस्ता डांबरी झाला. गाडी वरपर्यंत यावी म्हणून वाडीनं डेपोकडे अर्ज केला. अर्जाखाली पहिली सही चाचींची. वेलांटी चुकलेली, पण ठसठशीत. मी त्यांना म्हणालो, "चाची, गाडी वर गेली की तुमच्या खोलीत कोण येणार?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मास्तर, म्या काय दुकान मांडलंया व्हय, गिऱ्हाईक जाईल म्हणून भ्यायला?"

पहिल्या दिवशी वाडीची संध्याकाळची फेरी माझ्याच वाट्याला आली. चाचा तोवर गेले होते. फाट्यावर चाची एकट्याच उभ्या होत्या, धुतलेलं लुगडं नेसून. गाडीत चढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वरच्या वाडीचं एक द्या." त्या नावाचं तिकीट मी आजवर कधी फाडलं नव्हतं. भाड्याच्या तक्त्यात हा टप्पा नवा होता. मला तो शोधायला जरा वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही.

वर वाडीत बायकांनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पोरं टायरांना हात लावून बघायला लागली. मग खरी अडचण आली. चावडीपुढं जागा एवढीशी, एका बाजूला गोठा, दुसरीकडे खोल ओघळ. गाडी वळवायची कशी? मी शिट्टी काढून मागं उतरायला लागलो. गाडी मागं घेताना पाठीमागं उभं राहायचं ते कंडक्टरचं काम. तोवर चाची उतरून मागं जाऊन उभ्याही राहिल्या होत्या.

"तुमी बसा, मास्तर," त्या म्हणाल्या. "हितला दगड न् दगड मला म्हाईत हाय."

आणि मी बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या गाडीला मागून हात दाखवला तो त्या एका बाईनं. "येऊ द्या... येऊ द्या, तात्या... जरा डावं... ज्ञानोबा, त्या म्हशीला आत घ्या... येऊ द्या..." अख्खी वाडी त्यांच्या शब्दावर मागं-पुढं होत होती. तीन हिसक्यांत गाडी उताराकडे तोंड करून उभी राहिली.

मी दारातून हाक मारली, "चला चाची, बसा. फाट्यावर सोडतो."

ज्ञानोबांच्या घरातल्या बायका त्यांचा हात धरून उभ्या होत्या. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणत होत्या. त्या वाडीत आलेल्या पाहुण्याला परत जायचं तर दिवस असेतो पायानं उतरावं लागे. चाची किती वेळा तशा उतरल्या असतील. त्यांनी एकदा त्या बायकांकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि मोठ्या ऐटीत मला म्हणाल्या,

"तुमी व्हा फुडं, मास्तर. म्या उद्याच्या गाडीनं येते."